पाहणीत काय निघालं, ते गल्लीला कधी कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकात वैद्यकीय प्रवेशाबद्दल भरभरून छापून येतं. कट-ऑफ किती, फी किती, कुठल्या शाखेला जास्त मागणी. त्यात मी माझ्या विषयाचं नाव शोधते आणि ते कधीच नसतं. एमबीबीएस करून मी आता सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करते आहे. एवढं लांबलचक नाव कॉलेजात कुणी घेत नाही. सगळ्यांच्या तोंडी ‘पीएसएम’ (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) हेच नाव बसलंय, माझ्याही. आजार होण्याआधी काय करता येतं, आणि एखाद्याला झालेला आजार त्याच्या गल्लीतून, पाण्यातून की धंद्यातून आला, हे शोधायला शिकवणारा हा विषय.

मी तो घेतला म्हटल्यावर मावशीनं आईला हळूच विचारलं, “दुसरं काही मिळालं नाही का गं तिला?” काका हळू बोलत नाहीत. ते म्हणाले, “कोटणीसांच्या गावची पोरगी, सर्जन व्हायचं सोडून गटारी मोजणार!” (डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे आणि 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात होते, हे आमच्या घरात कुणी नुसतं सायन्सला गेलं तरी ऐकवलं जातं.) काकांचं फार चुकलं नाही, गटारीही बघाव्या लागतात. पण हे पत्र विषयाला मान नाही म्हणून लिहीत नाही. आम्ही शिकायला ज्यांच्या घरात शिरतो, त्यांचं आमच्याकडे काही देणं राहिलंय, त्याबद्दल लिहिते आहे.

आमचं शिक्षण कसं चालतं ते आधी थोडक्यात. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी, याचा विचार करणाऱ्या भोर समितीनं 1946 सालीच सांगितलं होतं की डॉक्टरला समाजाचं शिक्षण हवं, दवाखान्याच्या चार भिंती पुरणार नाहीत. त्यामुळे प्रत्येक एमबीबीएसवाल्याला हा विषय असतोच. दोन पेपर, तोंडी परीक्षा, नंतर इंटर्नशिपमध्ये तीन महिने. जलशुद्धीकरण केंद्र, दूध डेअरी, मैलापाण्याचा प्रकल्प अशा सहली निघतात आणि मुलं त्यांना पिकनिकच म्हणतात. परीक्षेत समोर हॉरॉक्सचं उपकरण मांडलेलं असतं. सहा पांढरे कप, एक काळा. पाण्यात ब्लिचिंग पावडरचं द्रावण चढत्या प्रमाणात घालत जायचं, अर्ध्या तासानं निळा रंग पहिल्यांदा कुठल्या कपात येतो ते बघायचं आणि त्यावरून विहिरीला किती पावडर लागेल ते काढायचं. हे गणित मला आजही झोपेतून उठवून विचारा. पण नळाला आलेलं पाणी पिंपात चार दिवस राहिलं, तर चौथ्या दिवशी त्यात क्लोरीन किती उरतो, हे मला परीक्षेत कुणी विचारलं नाही. आणि सोलापुरात खरा प्रश्न तोच आहे. उजनी काठोकाठ भरलं काय किंवा तळाला गेलं काय, आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआडच.

आणि वस्तीत जाऊन कुटुंबांचा अभ्यास करावा लागतो. खेड्यांसाठी तर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2021-22 च्या तुकडीपासून ‘कुटुंब दत्तक’ योजनाच आणली आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यानं काही घरं आपली मानायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचं. शहरात आम्ही आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या वस्त्यांमध्ये जातो. हातात छापील नमुना. घरात माणसं किती, शिकलेली किती, कमाई किती, चूल की गॅस, संडास घरात की बाहेर, लहान मुलांना लसी कुठल्या झाल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर मी चार ज्युनिअर मुलींना घेऊन पूर्व भागातल्या एका गल्लीत गेले. घर दोन खोल्यांचं. दारात एक अव्वा (आजी) मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. पत्ता कापणं, जर्दा भरणं, दोरा गुंडाळणं. आमच्याशी बोलताना तिची बोटं एकदाही थांबली नाहीत. दिवसाला हजार विड्या भरायच्या आणि छाट निघाली की मजुरीत मार, त्यामुळे आमच्यासाठी काम थांबवणं तिला परवडणारं नव्हतं. आम्ही पाण्याची भांडी बघू का विचारलं. मान हलवून “बघा” म्हणाली.

मोरीत दोन निळी पिंपं, ती स्वच्छ. माठ स्वच्छ. जिन्याखाली सिमेंटची एक जुनी टाकी, वर अर्धवट फळी. फळी सरकवून एका मुलीनं मोबाइलची बॅटरी मारली आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तिरक्या लटकलेल्या आळ्या उजेड पडताच वळवळत खाली गेल्या. तिरक्या लटकतात त्या एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या असू शकतात, पाण्याला समांतर आडव्या पडतात त्या मलेरियाच्या डासाच्या. हे आम्ही पुस्तकात चित्र काढून शिकलोय. क्यूलेक्सच्याही तिरक्याच असतात, पण तो डास घाण पाण्यातला आणि टाकीतलं पाणी तर नितळ होतं. मुलगी खूश झाली, कारण तिला ‘पॉझिटिव्ह कंटेनर’ मिळाला. मी अव्वाला पुस्तकातलं वाक्य ऐकवलं: आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची.

अव्वानं पहिल्यांदा हातातली विडी खाली ठेवली. म्हणाली, “पिंपं घासते की मी. नळ सुटायच्या आदल्या रात्री एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, घासायचं, पालथं घालायचं. ही टाकी कशी पालथी घालू? आन् ह्यातलं ओतलं आन् सकाळी पाणी नाही आलं, तर तू देणार का?”

हे पुस्तकात नव्हतं. एडिस डासाची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी उपसून भागत नाही, कडा घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. एवढं शास्त्र मला येत होतं. पण हलवता न येणारी टाकी, पाणी येईल की नाही याचा धसका, आणि त्यापायी टाकीतला शेवटचा हातभर थर ‘हातचा’ म्हणून कधीच न उपसणं, हे तिला येत होतं. दोन्ही एकत्र केल्यावर उपाय पाच मिनिटांत निघाला. टाकी तशीच राहू दे. पाणी यायच्या आदल्या रात्री उरलेलं पाणी फडक्यातून गाळून घासलेल्या पिंपात घ्यायचं, टाकीची कडा काथ्यानं आतून घासायची, वरून जुनं लुगडं ताणून सुतळीनं बांधायचं. अर्धवट फळी डासाला अडवत नाही, ताणलेलं फडकं अडवतं.

मुलींनी सगळं लिहून घेतलं. निघताना अव्वानं विचारलं, “मागं पण पोरी आल्त्या. अशाच पांढऱ्या कोटातल्या. बॅटरी मारून बघितलं, लिहून नेलं. काय निघालं मग?”

चौघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीतरी पुटपुटले. काय निघालं ते मला माहीत होतं. जर्नल निघालं. त्यावर सही झाली, गुण पडले, जर्नल कपाटात गेलं आणि कपाट भरलं की रद्दीत. त्या पोरींमध्ये मी नव्हते, पण असू शकले असते. तिसऱ्या वर्षी मीही अशीच काही घरं पालथी घातली आणि एकाही घरी परत गेले नाही.

हाच प्रश्न मी माझ्या घरातही ऐकला होता, फक्त तेव्हा कळला नव्हता. वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात, टीव्ही शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. व्यवसायजन्य आजारांच्या धड्यात आवाजाची मर्यादा वाचली, आठ तासांना 90 डेसिबल. सततच्या गोंगाटानं कान आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज गमावतो, साधं बोलणं त्यानंतर, त्यामुळे माणसाला बरीच वर्षं पत्ताच लागत नाही, हेही वाचलं. घरी येऊन वडिलांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या कारखान्यात एकदा कुणीतरी आलं होतं, कानाला यंत्र लावून तपासून गेलं. काय निघालं ते नाही सांगितलं.” गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर निदान उरलेली वर्षं कानात बोळे घालून मागावर उभे राहिले असते.

आमच्या विषयाचा पाया म्हणून जी गोष्ट पहिल्या तासाला सांगतात, ती जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरची. 1854, लंडनमध्ये कॉलरा, स्नोनं मृत्यू झालेली घरं शोधली आणि सगळा रोख ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाकडे गेला. नकाशा सगळ्यांच्या लक्षात राहतो. तो 7 सप्टेंबरला तिथल्या स्थानिक मंडळापुढे जाऊन बोलला आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला, हे आम्ही एका ओळीत उरकतो. (साथ तोवर ओसरायला लागली होती, हेही खरं.) आम्हाला नकाशा काढायला शिकवतात. मंडळापुढे जायला कुणी शिकवत नाही.

मागणी साधी आहे. ज्या गल्लीत पाहणी झाली तिथे त्याच तुकडीनं महिन्याच्या आत परत जावं आणि काय निघालं ते सांगावं. कुठल्या घरात, ते अजिबात नाही. किती भांडी बघितली, कितीत आळ्या होत्या, कुठल्या प्रकारच्या भांड्यात जास्त होत्या आणि आता काय करायचं, एवढंच. एक पान पुरे. सोलापूर आहे, तेव्हा ते मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूत जिथे जे चालतं त्या भाषेत हवं. आमच्या वर्गात या चारही भाषा घरी बोलणारी मुलं असतात, भाषांतराला पैसे पडणार नाहीत. गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर लावा, शिवाय वाचून दाखवा, कारण विडी वळणारीला मान वर करून फळा वाचायला सवड नसते. एक प्रत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावी. आणि परत गेल्याची नोंद असल्याशिवाय जर्नलवर सही होऊ नये. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. गुण नाहीत ते काम विद्यार्थी करत नाही, मी स्वतःवरून सांगते.

आमच्या एका सरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “वेळ कुठाय? पुढची तुकडी दारात उभी असते.” खरं आहे, मनुष्यबळ कमी आहे. पण मग एक तुकडी कमी घरं बघेल. वीस घरं बघून गप्प बसण्यापेक्षा दहा घरं बघून परत जाणं बरं. शेजारच्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं 1970 मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांच्याकडे बघायला जगभरातून लोक आले. आम्हाला तर फक्त एक पान वाचून दाखवायचंय.

मी कुठे शिकले, ते मुद्दाम लिहीत नाही. हे एका कॉलेजचं दुखणं असतं तर पत्र तिथल्या अधिष्ठात्यांना लिहिलं असतं.

अव्वाकडे मी नंतर गेले, मुलींना न घेता. टाकीवर लुगडं बांधलेलं होतं, हिरवं, काठाचं. शेजारच्या दोन घरांतही तिनंच बांधून दिलं होतं. माझं पान तिनं नातवाकडून वाचून घेतलं आणि विचारलं की मागच्या पोरींचं पान कधी येणार.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी पांढऱ्या कोटातली मुलं येऊन लिहून गेली असतील, त्यांनी पुढच्या वेळी दार उघडताना आधी हेच विचारावं: मागच्या वेळी काय निघालं? आम्हाला ओशाळायला होईल. विचाराच.

आपली विश्वासू,
पीएसएमची एक विद्यार्थिनी
पूर्व भाग, सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)