जिथे धूळ उडत नाही

लंडन,
रविवार दुपार

प्रिय सुहास,

दिल्लीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या त्या बंदिस्त ट्रॅकवर, काढलेले तुझे फोटो काल रात्री निवांत पाहिले. खोटं कशाला बोलू? टायरवरची अक्षरं वाचता येतात, हनुवटीवरचा घाम मोजता येतो, आणि एकही सायकल पळत नाहीये. स्टँडवर लावून कोणी वर बसलंय असं वाटतं. तुझा हात कुठे कमी पडला असं नाही. त्याला सवय बैलगाडा शर्यतींच्या घाटाची आहे, एवढंच.

घाटात गाडा सुटला की शटर 1/2000 सेकंदावर लावलास तरी चालून जातं. धूळ उठलेली असते, भंडारा हवेत असतो, बैलांचे खूर जमिनीवरून सुटलेले, मागे टोप्या उडवणारी माणसं. वेगाची साक्ष द्यायला अख्खा गाव हजर! वेलोड्रोममध्ये साक्षीदारच नाही. गुळगुळीत तासलेल्या लाकडी फळ्या. वारा नाही, धूळ नाही. स्वार पाठ आडवी करून डोकं असं रोवून बसतो की पायांखेरीज काही हलत नाही, कारण हललं की हवा अडवते. त्यात मागचं चाक भरीव डिस्कचं. स्पोकच नाहीत, तर फिरतंय की थांबलंय हे कळणार कशावरून?

आता जरा हिशेब कर. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरेसनने 200 मीटर 9.088 सेकंदांत मारले. म्हणजे सेकंदाला 22 मीटर, ताशी 79 किलोमीटरच्या वर. तुझ्या 1/2000 मध्ये असा गडी जेमतेम 1 सेंटिमीटर सरकतो. 1/60 मध्ये सरकतो 37 सेंटिमीटर. आपला फोटो त्या 37 सेंटिमीटरांत आहे.

पॅनिंग, म्हणजे पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, तुला शिकवणारा मी कोण! लग्नाच्या वरातीत घोड्यावरचा नवरदेव तू डोळे मिटून टिपतोस. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, उभं कुठे राहायचं. तू बाहेर, प्रेक्षकांच्या बाजूला होतास, तिथून सायकल जवळ येते आणि लांब जाते, फोकस तिच्यामागे धावत राहतो. परवानगी मिळाली तर ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या जागेत जा आणि वळणाच्या मधोमध उभा राहा. स्वार तुझ्याभोवती फिरतो, अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. तू फक्त कमरेतून वळायचंस.

दुसरी गोष्ट कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो. वळणावर ट्रॅक 42 अंशांनी उभा असतो, त्यामुळे स्वाराच्या मागे आकाश नाही, माणसं नाहीत, नुसती लाकडाची भिंत असते. त्या फळ्या ठोकलेल्या असतात धावण्याच्याच दिशेने. काळी, लाल, निळी रेघही त्याच दिशेने. आता कॅमेरा त्याच दिशेने फिरवलास तर पुसलं काय जाणार? रेघ पुसून रेघच उरते. तू 1/40 वर काढलंस तरी मागे सपाट पिवळट पट्टा, आणि सायकल पुन्हा उभीच्या उभी. मागे धावण्याच्या दिशेला छेदणारं काहीतरी हवं: कठड्यावरच्या जाहिरातींची मोठी अक्षरं, खुर्च्यांचे खांब, प्रेक्षकांचे रंगीबेरंगी शर्ट. त्यासाठी खाली बस, अगदी मांडी घालून. हेल्मेट कठड्याच्या वर आलं की मागची अक्षरं ओघळायला लागतात आणि सायकल सुटते.

नजर हेल्मेटवर ठेव, पायांवर नको. पाय, गुडघे धूसर होऊ देत, ते गोल फिरताहेत हेच तर सांगायचंय. आणि शर्यत चालू असताना फ्लॅश अजिबात नको. त्या सायकलींना ब्रेक नसतात, चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहतं. अशा माणसाच्या डोळ्यांत उजेड फेकणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

एक गंमत करून बघ. कॅमेरा हलवूच नकोस, 1/125 ठेव आणि सायकल समोरून जाऊ दे. सगळं पुसट येईल, पण टायर जिथे फळीला टेकतं तेवढाच ठिपका बराचसा स्पष्ट दिसेल. घरंगळणाऱ्या चाकाचा खालचा बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो, आणि वरचा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो.

स्प्रिंट सगळे काढतात. मला विचारशील तर मॅडिसन, म्हणजे जोडीजोडीने पळायची शर्यत, काढ. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून हे नाव पडलं. जोडीतला एक शर्यतीत, दुसरा वर संथ फिरत दम खातो. पाळी बदलताना पहिला दुसऱ्याचा हात धरतो आणि झोकून त्याला पुढे फेकतो. एकाच चौकटीत दोन वेग! 1/30 वर हात धरायच्या आधी वेगाने येणाऱ्याला पकडलंस तर वाट बघणारा विरघळून जातो, संथ फिरणाऱ्याला पकडलंस तर येणारा नुसता रंगाचा फराटा होतो. मला हा दुसरा फोटो जास्त आवडतो. लोक म्हणतात हुकलाय, म्हणू देत.

निकालाचा फोटो मात्र भलताच प्रकार आहे. तो कॅमेरा फक्त अंतिम रेषेची बारीक उभी चीर बघतो आणि एका सेकंदात अशा हजारो चिरा शेजारीशेजारी लावत जातो. म्हणजे त्या फोटोत जागा एकच, डावीउजवीकडे पसरलेला आहे तो वेळ. जो हळू येतो तो लांबट दिसतो, वेगवान आखूड. आपण वर्षानुवर्षं वेग लांबलचक फराट्यांनी दाखवतो आणि ते यंत्र नेमकं उलटं सांगतं!

मी जातो ते ली व्हॅली वेलोड्रोम 2012 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांतली ट्रॅक सायकलिंगही इथेच झाली, आणि आपल्या महाराष्ट्राच्या मयूरी लुटे नि सुशिकला आगाशे याच फळ्यांवर धावल्या. हिवाळ्यात क्लबच्या शर्यती असतात. येतोस का? राहायची सोय माझ्याकडे, फक्त सोफा आखूड आहे.

पुढच्या वेळी कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइल्स पाठव, व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोंवर मत देणं बंद केलंय मी. काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळव.

तुझा,
अव्या