आईवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर,
सादर प्रणाम.

कॉन्ड्रोसार्कोमा या कूर्चेच्या कर्करोगामुळे आईच्या ओटीपोटाच्या पुढचे हाड काढावे लागले, त्यानंतर वर्षभराने ती कुठेही न पडता, न घसरता एकाएकी चालेनाशी झाली. हा ट्यूमर केमोथेरपीला आणि किरणोपचाराला फारशी दाद देत नाही हे ठाऊक असल्यामुळे, तो परतला असावा या धास्तीने आम्ही खचलो होतो. साध्या एक्स-रेत काही दिसत नव्हते. एमआरआयमध्ये त्रिकास्थीत, म्हणजे मणक्याच्या तळच्या हाडात, सूज दिसत होती, आणि ती तडा किंवा गाठ यांपैकी कशामुळेही असू शकली असती.

आपण घाई केली नाही, याबद्दल आधी आभार. आपण सीटी स्कॅन करवून घेतला, ट्यूमरच्या सर्जनसोबत जुन्या-नव्या फिल्म पाहिल्या आणि हा तडाच आहे अशी खात्री पटल्यावरच स्क्रूचा विषय काढला, कारण गाठीतून ड्रिल गेले असते तर तिच्या पेशी आजूबाजूला पसरण्याचा धोका होता. जास्त चालल्यामुळेच हे झाले, असे आई स्वतःला बोल लावत होती. तेव्हा आपण तिच्याजवळ बसून कागदावर आकृती काढलीत: ओटीपोटाची हाडे मिळून एक कडे होते, ते पुढून तुटले की पावलागणिक येणारा भार मागच्या सांध्यांवर आणि त्रिकास्थीवर पडतो, आणि पाळी गेल्यानंतर विरळ झालेले हाड त्या रोजच्या भारानेच तडकते. त्या दिवसापासून तिने स्वतःला दोष देणे सोडले, आणि हे उपकार मला शस्त्रक्रियेइतकेच मोठे वाटतात.

विश्रांती व वॉकरने वेदना शमेनात, तेव्हा आपण सी-आर्म या शस्त्रक्रियेदरम्यानच्या एक्स-रे यंत्रावर पाहत, लहानशा छेदांतून, कंबरेच्या हाडातून त्रिकास्थीत लांब स्क्रू बसवलेत. पाऊल वर उचलणारी नस तिथून अगदी जवळून जाते, हे आपण संमतीपत्रावर सही घेण्याआधीच स्पष्ट सांगितले होते. पुढचे एमआरआय नीट वाचता यावेत म्हणून टायटॅनियमचे स्क्रू निवडण्यापर्यंत आपण विचार केला होता. हाडांची घनता तपासून त्यावर औषधे सुरू केलीत, तीही तितक्याच आग्रहाने.

आई आता काठी घेऊन घरात आणि अंगणात फिरते. तिला पहिल्यांदा उभे करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना आणि रात्रपाळीच्या परिचारिकांनाही आमचे आभार कळवावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी