जुन्या गोव्यात टॉर्च धरून खाली बसलेल्या सरांना

सर, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं आणि नंबर तर घेतलाच नाही, बस सुटेल म्हणून इतकी धावपळ झाली, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. खूण सांगते, डिसेंबर महिना, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च, पिवळी ओढणी घेतलेली बाई आणि तिचा सातवीतला मुलगा जो तुम्हाला सारखे प्रश्न विचारत होता. तुम्ही रिटायर्ड शिक्षक आहात एवढं बोलण्यातून कळलं, बाकी काहीच माहीत नाही.

आम्ही सगळ्यांसारखे माना वर करून वेदीचं सोनेरी काम बघत होतो आणि तुम्ही मागून म्हणालात, "वर सगळेच बघतात, जरा पायाखाली पळय," म्हणजे बघ. मला वाटलं मुलगा थडग्यावर उभा आहे म्हणून रागावताय, मी त्याला हाताला धरून ओढलं तर तुम्हीच म्हणालात राहू दे, चालायला हरकत नाही, फक्त बघून चाला. तोपर्यंत मला ती नुसती झिजलेली जुनी फरशी वाटत होती, खरं सांगते. ती अख्खी जमीन थडग्यांच्या दगडांची आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

मी मोबाईलचा टॉर्च वरून मारला, काहीच दिसेना, सगळं सपाट. मग तुम्ही गुडघ्यावर हात ठेवत खाली बसलात आणि टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून बाजूने धरलात आणि त्या दगडातून एकदम ढाल वर आली सर! उजेड तिरका आला की बारीकसारीक खोलगट भागातसुद्धा सावली बसते, हे आता मला पाठ झालंय, पण त्या क्षणी अंगावर काटा आला होता. खाली ढाल, ढालीवर शिरस्त्राण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पानं-वेली. मी म्हटलं किती सुंदर वेल काढलीये, तर तुम्ही म्हणालात वेल नव्हे, ते कापड आहे. सरदारांच्या शिरस्त्राणावर जे कापड असायचं त्याच्या लढाईत चिंध्या झाल्या असं दाखवायचे आणि कोरणाऱ्यांच्या हातात त्या चिंध्यांची पानं झाली. ढालीत मागच्या पायांवर उभा सिंह, आणि मुलाने बोट लावून विचारलं, ही जीभ आहे का? हो, जीभच होती. शेकडो वर्षं लोक त्याच्यावरून चालतायत, चेहरा गेलाय, आयाळ गेलीये, जीभ राहिलीये.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी बसमध्ये बसल्या बसल्या लिहून काढलं. युरोपात 12व्या शतकात ही पद्धत सुरू झाली, चेहरा झाकला की कोण कुठला कळेना म्हणून ढालीवर खूण, मग ती खूण बापाकडून मुलाकडे जायला लागली आणि घराण्याची झाली. मी किल्ले फिरणारी बाई, त्यामुळे मला लगेच शिवनेरीच्या दरवाजावरचा शरभ, तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी, आठवला, तसं बोललेही, आणि तुम्ही किती शांतपणे फरक सांगितलात की शरभ म्हणजे ताकदीची खूण, तो खूप किल्ल्यांवर दिसतो, पण ही ढाल म्हणजे एका कुटुंबाचं नावच, फक्त चित्रात लिहिलेलं. नाव चित्रात लिहिणं तर कधी कधी अक्षरशः तसंच. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर हरीण आहे ना, पोर्तुगीजमध्ये गामा म्हणजे हरिणी, म्हणून वास्को द गामाच्या घराण्याचं हरीण! कमान त्याच्या पणतवाने बांधली. त्या कमानीखालून मी आधी दोनदा गेले होते.

रंगांचं मला सगळ्यात आवडलं. पिवळा आणि पांढरा म्हणजे सोनं-चांदी, हे धातू, आणि लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग, आणि नियम असा की धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही, म्हणजे लांबून पटकन ओळखता यावं. पण दगडाला रंग कुठून आणणार. 17व्या शतकात त्यावर युक्ती निघाली, उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, पण त्याच्या आधीच्या दगडांवर हे काही सापडायचं नाही. म्हणून तुम्ही मुलाला बजावलंत की नुसता सिंह बघून घराणं सांगायचं नाही. पोर्तुगीजांच्या सिल्व्हा घराण्याचा सिंह चांदीवर जांभळा असतो, पण सिंह बऱ्याच घराण्यांचा असतो, रंग माहीत नसेल तर गप्प बसायचं. हे वाक्य आमच्या घरात आता रोज चालतं.

आणि मग तुम्ही विचारलंत कुठून आलात. मी म्हटलं वसई. तुम्ही हसलात आणि म्हणालात, मग दगड तुमच्याकडचाच की! इथलं बॉम जेझूस चर्च बांधताना भिंती इथल्या जांभ्याच्या, पण कोरीवकामाचा काळा दगड वसईहून आणलेला. सर, माझा जन्म वसईचा, शाळा वसईची, किल्ल्यात शाळेच्या सहली, लग्नाआधीचे फोटो, सगळं तिथे, आणि हे मला गोव्यात येऊन कळावं. तुम्ही म्हणालात, परत गेलात की तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये खाली बघा.

बघितलं. जानेवारीत एका रविवारी सकाळी साडेसातला गेलो, छप्पर नाहीच त्यामुळे टॉर्चची गरज पडली नाही, ऊन तिरकं येत होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खडू लावला नाही, शेवाळ खरवडलं नाही, फक्त मऊ ब्रशने पाला बाजूला केला आणि बाटलीतलं पाणी थोडं ओतलं. ओला दगड काय बोलतो हो! एका ढालीचे चार भाग पाडलेले, म्हणजे दोन-तीन घराणी एकत्र आलेली, हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला मला माहितीये. एका भागात गोल गोल होते, सहा मोजले, आणि मला लगेच तुम्ही सांगितलेले पोर्तुगीज व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रोचे चांदीवरचे सहा निळे गोल आठवले. पण कडा झिजलीये आणि रंग नाही, म्हणून गप्प बसले.

खालची अक्षरं मात्र लागली. तुम्ही गोव्यात बोट ठेवून वाचून दाखवली होतीत तीच, ही कबर अमक्याची "आणि त्याच्या वारसांची". नाव गेलंय, वारस हा शब्द आहे. मी तिथेच बसून राहिले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलोय, तो अभिमान आजही आहे, इथल्या घंटा कुठल्या कुठे देवळांत गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे ती मी स्वतः बघितलीये. पण घंटा नेता आल्या, तहाप्रमाणे माणसं आपलं सामान घेऊन बाहेर पडली, हे दगड कोण नेणार. वारसांसाठी जागा राखून ठेवलेली आणि वारस परत आलेच नाहीत. इतकी वर्षं मी त्याच्यावर उभी राहून फोटो काढलेत, आणि हे मला तुमच्यामुळे कळलं.

नंतर मुंबईला सेंट थॉमस कॅथेड्रललाही जाऊन आलो, तिथे सगळं ब्रिटिशांचं, संगमरवरी, भिंतीवर, वाचायला सोपं. छान आहे, पण मला पायाखालचेच जास्त आवडतात.

सर, तुम्ही आमच्यासाठी सव्वा तास दिलात, गुडघे दुखत असताना चार-पाच वेळा खाली बसलात, चहा पाजते म्हटलं तर तोही घेतला नाहीत. मनापासून आभार, अगदी मनापासून. आम्ही दिवाळीत परत येतोय, पाऊस नुकताच संपलेला असेल, तुम्ही म्हणाला होतात ना की ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमधले दगड पावसानंतर बघावेत, ते तुमच्याबरोबरच बघायचेत.

मुलाने वसईच्या त्या ढालीचं चित्र काढलंय, चारही भाग, सहा गोल, वर शिरस्त्राण, बाजूचं कापड तर फारच छान जमलंय त्याला. रंग भरलेले नाहीत. सरांना विचारल्याशिवाय भरणार नाही म्हणतो.