डावा हात खिशात

नौपाडा, ठाणे
२ ऑगस्ट

प्रिय मन्या,

काकांचा फोन आला तर हे पत्र वाचून होईपर्यंत उचलू नकोस. ते तुझ्यावर रागावलेत, आणि तू काहीही केलेलं नाहीस. जे केलं ते मी. परवापासून दोनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला, कारण फोनवर तू मध्येच "हं, मग?" म्हणतोस आणि माझं मूळ सांगायचं राहून जातं.

आई बरी आहे, गुडघे आहेत तसेच. माझं बीपी गोळीवर. झालं.

काकांनी चाल बांधली आहे. इतक्या वर्षांनी, मन्या! केरवा, लय मिनिटाला नव्वद, पट्टी काळी एक, कारण गाणार त्यांचा नातू. तोच, जो गडकरी रंगायतनला विंगेत तुझ्या बेस गिटारच्या केसमध्ये झोपायचा. आता मिशी आलीय त्याला. गणपतीच्या आत रेकॉर्ड करायचं म्हणून काका स्वतः येऊन माझ्या आतल्या खोलीत ढोलकी वाजवून गेले. भिंतीला गाद्या उभ्या केल्या होत्या. शेजारी कुकर लागला की आम्ही थांबायचो, शिट्ट्या संपल्या की पुन्हा सुरू. पेटी आणि कीबोर्ड मी वाजवले. निघताना चपला घालत काका एवढंच म्हणाले, "बेस रिकामा ठेवू नको." त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

मग मी बेस शोधायला लागलो. लॅपटॉपमधला. हो, तोच प्रकार, ज्याला तू डबाबंद आमरस म्हणायचास.

पहिल्या रात्री ॲम्पल साउंडचा मोफत मिळणारा छोटा प्रिसिजन जातीचा बेस घेतला. खऱ्या बेसच्या एकेका तारेवर, एकेका फ्रेटवर सूर छेडून नोंदवून ठेवलेत. मी की दाबली की त्यातली नोंद बाहेर येते. पहिला सूर ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. फुकटात एवढा लाकडी आवाज! पण दोन ओळी भरल्या आणि काहीतरी खटकायला लागलं. मी सगळे सूर एकाच दाबाने टाकले होते. १ ते १२७ असा दाब मोजतात त्यात, आणि माझे सगळे १०० वर. ढोलकी श्वास घेत होती आणि बेस सरकारी कागदावर शिक्के मारत होता.

दुसऱ्या रात्री टूनट्रॅकचा ईझीबेस चाचणीपुरता उतरवून घेतला. त्याला ड्रमचा ट्रॅक दिला की तो त्या ठोक्यांवरून स्वतःच बेसची ओळ रचून देतो. रॉकसाठी किंवा साध्या पॉपसाठी फार कामाचा, खोटं कशाला बोलू. आपल्या केरव्यावर मात्र त्याने रचलेली ओळ दर मात्रेला ढोलकीच्या धुमाच्या अंगावर येऊन बसायची. म्हणून त्याचं रचणं बंद केलं आणि फक्त आवाज ठेवला. त्यात एक पाच तारांचा बेस आहे. मी हौसेने सा अगदी तळाचा घेतला. हेडफोनवर काय घुमला म्हणून सांगू! नंतर तोच मिक्स मोबाइलवर लावला तर बेस गायब.

का ते कळायला मला अर्धी रात्र लागली. तुला एका सेकंदात कळलं असतं. तुझ्या चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे ४१ हर्ट्झ. मी घेतलेला काळी एकचा सा त्याच्याही खाली, ३४.६ वर. तो सूर तुझ्या वाद्यावर नाहीच. काळी एकला तू सा नेहमी वरचा घ्यायचास, ६९ हर्ट्झचा, आणि खाली जायचं झालं तर पंचमावर थांबायचास. मोबाइलच्या स्पीकरमधून तो ६९ सुद्धा धड येत नाही, पण त्याच्या दुपटी-तिपटीतले सूर येतात आणि कान त्यावरून मूळ सूर ओळखतो. आपल्या वेळी तू "खाली उतरू नको, तिथे फक्त दगड आहेत" म्हणायचास ते आठवलं.

ट्रिलियन नावाचा बेसही ऐकला, ओळखीच्या एका स्टुडिओत. उभ्या बेसचा आवाज अप्रतिम, पण सगळं मिळून ३४ जीबी, आणि माझ्या डिस्कवर आईचे सोनोग्राफीचे फोटोसुद्धा दाटीवाटीने बसलेत. तो विषय तिथेच संपला.

आणि मग मोडो बेस. मन्या, इथे मी अडकलो. तीन रात्री. त्यात रेकॉर्ड केलेलं काहीच नाही. तार कशी थरथरते ते गणिताने त्याच क्षणी काढतो, म्हणून तारेला काय काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. बोटाने की पिकने. बोट ब्रिजजवळ की नेककडे. तार गोल वेटोळ्याची की सपाट. आणि तारा नव्या की जुन्या! मी ते पार जुन्यावर नेलं आणि खोलीत तू आलास.

तारांवरून आपण किती भांडलोय. मी म्हणायचो बदल, तू म्हणायचास मोटाउन कंपनीच्या गाण्यांतला बेसवाला जेम्स जेमर्सन, त्याने बदलल्या का? तो एका बोटाने वाजवायचा म्हणून तूही वर्षभर एकाच बोटाने वाजवलंस. त्या बोटाला फोड आला तेव्हा मामलेदारची मिसळ चमच्याऐवजी माझ्या हाताने भरवायला लावलीस मला, भर गर्दीत. त्या मिसळीचे पैसे अजून तुझ्याकडे आहेत.

जुन्या तारांनी एकदा तुझा आवाज लागल्यावर मला थांबता येईना. काळी एकचा तो सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, सोपा. तू तो ई तारेच्या नवव्यावर घ्यायचास. सूर तोच, पण जाड तारेचा, जरा घोगरा. चांगल्या प्लगइनला, म्हणजे अशा लॅपटॉपमधल्या बेसला, सांगता येतं की हा सूर याच तारेवर घे. मी सांगितलं. मग तुझा उशीर. नव्वदच्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची. तू समेवर कधीच बरोबर यायचा नाहीस, ढोलकीला पुढे जाऊ द्यायचास आणि मागून टेकायचास. मी सूर एकेक करून १५ मिलिसेकंद मागे सरकवले. ओळ संपताना २०. माझा बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी जेवढा साठवतो तो आकडा, १०२४ वर राहिला होता, त्याने २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि कीबोर्डवर वाजवताना सगळंच घसरतं. तो १२८ वर आणला तेव्हा कुठे माझा उशीर आणि तुझा उशीर वेगळे कळायला लागले. मग तुझा तळहात. थापेच्या आधी तू तार दाबून गप्प करायचास आणि ती इवलीशी शांतता सोडायचास. म्हणून प्रत्येक सुराची शेपटी कापली. मग तो मेलेला ठोका, ज्याला सूर नसतो, नुसता टक. मग अंतऱ्यावर जाताना पंचमावरून सा पर्यंतची तुझी घसरण.

पहाटे चार वाजता ऐकलं. त्यानंतर हात लावला नाही.

शुक्रवारी काका आले. हेडफोन लावून बसले, मांडीवर बोटाने ठेका. दुसऱ्या ओळीच्या समेला बोट थांबलं. डोळे मिटलेले. गाणं संपलं, हेडफोन काढला आणि हसून म्हणाले, "मन्या कधी येऊन गेला?"

मी पाणी आणायला आत गेलो.

खरं सांगायला पाच सेकंद लागले असते. मी ओट्याशी उभा राहून ग्लास दोनदा धुतला. बाहेर आलो तोवर काकांनी टेबलावर पाकीट ठेवलं होतं. "त्याचं त्याला दे. आणि सांग, तलावपाळीपर्यंत आलास नि म्हाताऱ्याला भेटला नाहीस." मग त्यांचा चेहरा पडला. जिना उतरताना मागे वळून बघितलंही नाही त्यांनी. तुला माहीत आहे ते कसे आहेत. सात दिवस बोलणार नाहीत आणि आठव्या दिवशी फोन करून आधी शिव्या देतील.

तेव्हापासून मी याच एका गोष्टीवर फिरतोय. मी खोटं बोललो का? तोंडाने नाही. पण काकांनी तुला ओळखलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी लपवू शकलो नाही, आणि त्या आनंदाला मी उत्तर म्हणून खपवलं. दुसरं असं की तो बेस कोणाचा? लाकूड, तारा त्या कंपनीच्या गणिताच्या. बोट माझं, कीबोर्डवरचं. पण एकही जागा माझी नाही. कुठे थांबायचं, कुठे गप्प बसायचं, सगळं तुझं. ते मी न विचारता घेतलं. तू मेला असतास तर लोक त्याला आठवण म्हणाले असते. तू चिपळूणला जिवंत आहेस, मन्या, माझ्यापासून गाडीने पाच-सहा तासांवर.

वर्तकनगरच्या मंडळासमोरची ती रात्र आठवते? मी डाव्या हाताने खालचे सूर भरत होतो, आणि तू भर स्टेजवर माइकसमोर ओरडलास, "डावा हात खिशात घाल!" पब्लिकला वाटलं मिमिक्री आहे, टाळ्या पडल्या. मी खरंच घातला, आणि पुढची तीन गाणी एका हाताने वाजवली. नंतर महिनाभर आपण बोललो नाही. मी म्हणायचो बेस सगळ्यांचा असतो, तू म्हणायचास नाही, ज्याला वाट बघता येते त्याचा. आता माझा तोच डावा हात पुन्हा तुझ्या घरात शिरलाय आणि या वेळी तू ओरडायला समोर नाहीस.

दुसरं भांडण त्या रोलँडच्या चंदेरी डबीवरून. टीबी-३०३. १९८१ साली बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला काढली, त्या कामात साफ पडली आणि ८४ मध्ये बंद झाली. तू ते विजयाने सांगायचास. मी दरवेळी चरणजित सिंगांचं नाव घ्यायचो: सिनेमाच्या रेकॉर्डिंगना गिटार वाजवणारा आपल्या मुंबईचा माणूस, पण १९८२ मध्ये त्याने तीच डबी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. माणसाची नक्कल सोडून दिली म्हणून ती डबी वाजली, हे माझं म्हणणं होतं. मी जिंकलो असं मला वाटायचं. आणि गेल्या आठवड्यात मी नेमकी नक्कलच केली, तीही इतकी चांगली की काकांनी पाकीट ठेवलं.

आता ते लिहितो जे टाळत आलोय.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर तू मला फोनवर घरातली एकेक वस्तू सांगितलीस. फ्रिज, शिलाई मशीन, वहिनीच्या माहेरचं कपाट, पोरीच्या वह्या, दुकानातला सगळा माल. बेसचं बोलला नाहीस. आणि मी विचारलं नाही. मी गाद्या, भांडी, पैसे पाठवले, आणि तो एक प्रश्न विचारावा लागू नये म्हणून हळूहळू फोनच कमी केले. ही रोज म्हणायची, मन्या भावोजींना फोन करा. मी म्हणायचो, उद्या. मग पक्याकडून कळलं की नेक वाकलाय आणि तू तो माळ्यावर टाकलास. तेही मला तुझ्याकडून कळलं नाही, आणि कळल्याचंही मी तुला सांगितलं नाही.

मन्या, तो खाली काढ. तुझा बेस प्रिसिजनच्या जातीचा आहे, नेक चार स्क्रूंवर बसलेला असतो. तो बदलता येतो, दुसरा बसवता येतो. आत भानगड काहीच नाही: एक व्हॉल्यूम, एक टोन, एक कपॅसिटर, एक जॅक. गंजलं असेल तर नवं टाकू, सोल्डरचा डाग देणारा मी आहे. खरा प्रश्न पिकअपचा, तारेची थरथर पकडणाऱ्या त्या कॉइलचा. तुझ्या दुकानातला मल्टिमीटर घे, पिकअपच्या दोन वायरींना लाव. आकडा दाखवला तर कॉइल शाबूत आहे. नाही दाखवला तरी मला सांग, गुंडाळून घेऊ. लाकूड फुगलं असेल तर फोटो पाठव, सगळ्या बाजूंनी, चिखलासकट.

दुकान पुन्हा नीट चालू झालं का? पोरगी बारावीला ना यंदा? तिला म्हणावं, परीक्षा झाली की ठाण्याला ये, काकू वाट बघतेय. वहिनींच्या भावाचं लग्न ठरल्याचं कळलं, आनंद झाला.

पाकीट मी उघडलेलं नाही. माझ्या कीबोर्डच्या खणात आहे. रविवारी सकाळी काकांकडे जाऊन सगळं सांगणार आहे, तू हो म्हण की नाही म्हण. तू म्हणालास तर बेसचा तो ट्रॅक पुसून टाकीन, खरंच. शपथ घालत नाही, तुला माहीत आहे मी पुसतो तेव्हा कचरापेटीसुद्धा रिकामी करतो. फक्त त्याआधी एकदा तू ऐकावंस असं वाटतं.

तुझा,
सुऱ्या

ता. क. पेनड्राइव्हवर दोन फायली आहेत, एक बेससकट, एक बेसशिवाय. आधी बेसशिवायची ऐक. अंतऱ्याला जाताना तू वेगळंच काही घेतलं असतंस का, ते मला कळायला हवं.