बंबातील काजळी आणि पाइनचे लाकूड

प्रति,
मा. संपादक,

विषय : पेट्यांचे पाइनचे लाकूड जळण म्हणून वापरण्याबाबत

महोदय,

परदेशी पेट्यांचे लाकूड विषारी असते, ते पाणी तापवण्याच्या बंबात घालू नये, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. पत्रलेखकाची कळकळ योग्य आहे; परंतु राळेचा धूर, बंबात साचणारी काजळी आणि लाकडाला लावलेली रसायने या तीन निरनिराळ्या गोष्टींची त्यांनी एकच मोळी बांधली आहे. फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवण्याच्या विभागात, माझी सारी नोकरी लाकूड हाताळण्यात गेली असल्याने याबाबत थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे व सुटे भाग ज्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून येतात, त्या फोडल्यावर निघणाऱ्या फळ्या भंगारवाल्यांमार्फत वखारीत पोहोचतात आणि थंडीच्या तोंडावर घरोघरच्या बंबांत जातात. हे लाकूड बहुधा पाइनचे किंवा स्प्रूस या तशाच सूचिपर्णी झाडाचे असते. देशात बनणाऱ्या पेट्यांसाठीही न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरणारे पाइन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. महाराष्ट्रात पाइन नैसर्गिकरीत्या उगवत नाही, त्यामुळे त्याच्या जळणाची रीत आपल्याकडे पिढीजात चालत आलेली नाही. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूला अनेक जण पाइनच समजतात; प्रत्यक्षात त्या दोन झाडांचे काहीही नाते नाही. सुरूचे लाकूड जड आणि बिनराळेचे असून जळणासाठी अव्वल मानले जाते.

पाइनच्या लाकडात राळ असते, पण ती सर्वत्र सारखी नसते. गाठीत, फांदी फुटते त्या जागी आणि जुन्या बुंध्याच्या गाभ्यात ती साचते. असा तुकडा मधाच्या रंगाचा आणि हाताला जड लागतो, त्याची पातळ ढलपी उजेडासमोर धरली की कडा पारदर्शक दिसतात, आणि नखाने खरवडल्यास टर्पेंटाइनचा वास येतो. राळेतील टर्पेंटाइन सुमारे १५५ ते १७० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ त्याहून कितीतरी कमी तापमानाला काडी दाखवताच पेटते, तर लाकूड स्वतः पेटण्यास अडीचशे-तीनशे अंशांची उष्णता लागते. म्हणूनच राळेची ढलपी पावसात भिजलेली असली तरी चरचरत, बुडबुडे सोडत पेट घेते. उत्तराखंडात चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, अशा ढलप्यांना छिलुक किंवा छिल्ले म्हणतात. चूल पेटवण्यासाठी आणि पूर्वी उजेडासाठीही त्या वापरल्या जात. गढवालात इगासच्या सणाला याच लाकडाची जुडी दोराने बांधून, पेटवून फिरवतात, तिला भैलो म्हणतात. तेथे या ढलप्यांसाठी उभ्या झाडाच्या बुंध्यात खाचा पाडल्या जातात आणि राळेने माखलेली ती जखम वणव्यात सर्वांत आधी पेटते, ही त्या वापराची काळी बाजू आहे. आपल्या वखारीत येणाऱ्या पेटीच्या बाबतीत झाडाचे जे व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते, एवढाच काय तो फरक.

पेटवण म्हणून या लाकडाला तोड नाही, हे मी ठामपणे म्हणतो. आज बंब पेटवताना घरोघरी काय वापरले जाते, ते पहावे: दुधाची पिशवी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तुटलेली प्लॅस्टिकची बादली. त्या धुरापुढे साध्या पाइनच्या धुराची तक्रार करणे म्हणजे मुसळ सोडून कुसळ पाहणे होय. बोटाएवढ्या जाडीच्या तीन-चार राळेच्या ढलप्या, त्यांवर काटक्या किंवा करवंट्या आणि वर बाभळीचे फोडलेले लाकूड असे रचले, तर कागदाच्या एका बोळ्यावर बंब पेटतो. मात्र लाकडाचा कोणताही धूर निरुपद्रवी नसतो, त्यामुळे ही पाइनच्या धुराची भलामण समजू नये.

संपूर्ण बंब पाइनवरच चालवणे मात्र वेगळे. किलोमागे उष्णता पाहिली तर कोरडे पाइन बाभळीच्या मागे नाही, उलट राळेमुळे किंचित पुढेच असते. पण बाभळीचे तेवढ्याच आकारमानाचे लाकूड दीडपटीहून अधिक वजन भरते. त्यामुळे पाइनच्या फळ्या सारख्या घालत राहाव्या लागतात, ज्वाळा लांब निघते आणि निखारा टिकत नाही. न्हाणीघराच्या घाईत मग एकदम तोंडापर्यंत फळ्या कोंबल्या जातात, हवेची वाट बंद होते आणि काळ्या धुराचा लोट उठतो.

येथे बंबाची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. मधल्या नळीभोवती चहूबाजूंनी पाणी असते, त्यामुळे पाणी आहे तोवर तिचा पत्रा फार तर शंभर अंशांच्या आसपासच राहतो. अर्धवट जळालेला धूर या तुलनेने थंड पत्र्याला लागला की त्यातील डांबरासारखा अंश तेथेच चिकटतो. चुलीला ही अडचण नाही. नळीतून गज फिरवल्यावर कोरडी, पिठासारखी काजळी पडली तर ती ज्वाळेची; पण चकाकणारा, गजाला चिकटणारा थर निघाला, तर आग गुदमरत होती किंवा लाकूड ओले होते, असे खुशाल समजावे. हा थर ओल्या बाभळीनेही तितकाच धरतो. फिनलंड, नॉर्वे यांसारख्या देशांत पाइन आणि स्प्रूस घरातील शेगड्यांत पिढ्यान्‌पिढ्या जाळले जात आहेत. तेथे लाकूड वाळवून घेण्यावर आणि धुराडे नियमित साफ करण्यावर भर असतो. आपल्याकडे या फळ्या पावसाळाभर उघड्यावर भिजतात, तशाच तोलल्या जातात आणि गिऱ्हाईक पाण्याचेही पैसे मोजते.

आता विषारीपणाबद्दल. परदेशातून येणाऱ्या लाकडी वेष्टनावर आंतरराष्ट्रीय नियमानुसार गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे असतील तर ते लाकूड, किडीचा नाश व्हावा म्हणून, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवलेले असते. त्यात रसायन नसते. ‘एमबी’ अक्षरे असल्यास त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते जळणात घेऊ नये. फळीवरच्या निळसर-करड्या रेघांना लोक उगाच घाबरतात, तो बुरशीचा डाग असतो. घाबरायचे ते हिरवट झाक असलेल्या लाकडाला, कारण वाळवी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे द्रावण मुरवलेल्या लाकडाचा रंग तसा असू शकतो. ते जाळल्यावर आर्सेनिकचा काही अंश धुरातून जातो आणि उरलेला राखेत राहतो; तीच राख आपल्याकडे भांडी घासायला आणि अळूच्या वाफ्यात जाते. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, एमडीएफ आणि सनमायका लावलेले तुकडेही याच वर्गातले. दुर्दैवाने वखारीत हे सर्व एकाच ढिगात असते. एका वखारीत मी साधी फळी निवडून मागितली, तेव्हा ‘जळायचंच आहे ना शेवटी?’ असे उत्तर मिळाले.

मुंबईत लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले. घरगुती बंबाकडे मात्र कोणाचे लक्ष नाही, आणि ज्यांच्या अंगणात बंब आहे ते तो उद्या बंद करतील असेही नाही. म्हणून कारखान्यांनी पेट्यांचे लाकूड विकतानाच ‘एचटी’ शिक्क्याची साधी फळी एकीकडे आणि ‘एमबी’ शिक्क्याचे लाकूड, प्लायवूड, रंगीत व हिरवट लाकूड दुसरीकडे असे दोन ढीग करावेत, आणि दुसरा ढीग जळणासाठी देऊ नये. औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांच्या संघटनांनी मनावर घेतले तर यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पेटी फोडणाऱ्या कामगाराला शिक्का ओळखायला शिकवणे अर्ध्या तासाचे काम आहे. वखारवाल्यांनीही हे लाकूड छपराखाली ठेवावे, आणि राळेच्या गाठी बाजूला काढून त्यांच्या ढलप्यांच्या जुड्या वेगळ्या विकाव्यात. त्यांना गिऱ्हाईक मिळेल, याबद्दल मला शंका नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर