पाचनईच्या मामांना

पुणे, १२ डिसेंबर २०२१

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र थेट तुमच्या हातात पडणार नाही, ठाऊक आहे. तुमचा मोबाइल बटणांचा, आणि घरात रेंज आली तर आली. पण तुमचा भाचा राजूरला शिकतो, तो वाचून दाखवील. उघड लिहितोय ते मुद्दाम. हरिश्चंद्रगडावर आम्ही आभार मानायला लागलो तेव्हा तुम्ही "बरं बरं" म्हणत चुलीत लाकूड सारलंत आणि विषय संपवलात. आमचा संपलेला नाही.

आमची बाजू तुम्हाला धड सांगायचीच राहिली. १ डिसेंबरला खुबी फाट्यावर उतरलो तेव्हा रिमझिम होती. खिरेश्वरात नागेश्वराच्या देवळापाशी बराच वेळ काढला, जरा उघडल्यासारखं वाटलं आणि निघालो. तोलार खिंडीपर्यंत सगळे गात होते. खिंडीच्या वरच्या कातळावर वारा सुरू झाला, रेलिंगला धरून बोटं वाकेनात. पठारावर पोचलो तर ढग जमिनीवर टेकलेला. बालेकिल्ल्याच्या बाजूच्या त्या सात टेकड्यांवर उन्हातसुद्धा लोक वाट चुकतात, आम्हाला तर पुढच्याची सॅक दिसत नव्हती. दगडांवरचे बाण शोधत कितव्या टेकडीवर आहोत यावरून आमच्यात भांडणं लागली. कोकणकडा बघायला निघालेली मंडळी आम्ही! अंधार पडला तशी भांडणंही बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

मग तुमची आरोळी ऐकू आली. वाऱ्यात ती नेमकी कुठून येते ते कळेना, म्हणून आम्ही पाचहीजण एकाच वेळी ओरडलो. अंगावर युरियाच्या गोणीची खोळ, हातात बॅटरी, असे तुम्ही आलात. पहिलं वाक्य काय, तर "जेवणाचं सांगून कुठं गेला होता रं पोराहो?"

हे मला सगळ्यांना सांगायचंय. आदल्या दिवशी आम्ही फोन करून पाच ताटं पिठलं-भाकरी सांगितली होती, बस्स. त्या पावसात गडावर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी तुम्ही पीठ घेऊन पायथ्याच्या पाचनईहून वर आलात, गडावरच्या देवळाजवळच्या झोपडीत चूल पेटवलीत, आणि दिवस कलला तरी आम्ही येईना म्हणून खिरेश्वरच्या वाटेने शोधत निघालात. तुम्हाला कुणी पाठवलं नव्हतं. रात्री मी विचारलं, आलात कसे? तर म्हणालात, "भाकऱ्या थापल्या व्हत्या, वाया गेल्या असत्या." मामा, हे उत्तर आमच्या ग्रुपमध्ये आता रोज कुणीतरी टाकतं.

आणि पैलवान. आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मघापासून तो कुडकुडत होता, मग कुडकुडायचा थांबला. आम्हाला वाटलं, सावरला. तुम्ही बॅटरी त्याच्या तोंडावर धरलीत, गाव कोणतं म्हणून विचारलंत, आणि तो शब्द चघळत काहीतरी भलतंच बोलला. "मला बसू द्या पाच मिनिटं," हे मात्र स्पष्ट म्हणाला. तुम्ही त्याला बसू दिलं नाहीत. "वासरू असंच बसतंय पावसात, मग उठत न्हाई," एवढं बोलून त्याचा हात खांद्यावर घेतलात आणि झोपडीपर्यंत सोडला नाहीत. तुम्ही त्याच्या काखेपर्यंत येता मामा, आणि तो नव्वद किलोचा आहे.

झोपडीतलं तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही सगळे चुलीकडे धावलो, तुम्ही त्याला चुलीपासून लांब ठेवलंत. आधी ओले कपडे, अगदी मोज्यांपर्यंत सगळे काढायला लावलेत. खाली सुका पेंढा, त्यावर गोणपाट, अंगाला कोरडी विजार-बंडी, वरून घोंगडी, डोक्याला तुमचा टॉवेल. दोघांना त्याच्या दोन्ही बाजूंनी घोंगडीत घुसवलंत. एकजण त्याचे पाय जोरजोरात चोळायला लागला, त्याला थांबवलंत. दुसऱ्याने सॅकमधून क्वार्टर काढली, ती तुम्ही सरळ हातातून घेऊन फळीवर ठेवलीत. "ह्यानं वरनं गरम वाटतं, आतनं गार व्हतंय." मग तो नीट बोलायला लागल्यावर गुळाचा कोरा चहा, बशीने, घोट घोट. थोड्या वेळाने तो पुन्हा थडथडा कापायला लागला. आम्ही घाबरलो, तुम्ही पहिल्यांदा हसलात.

पुण्यात आल्यावर एका डॉक्टर मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, झोपडीत मामांनी केलं ते बरोबरच होतं. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं आणि आतली ऊब निघून जाते. कापरं थांबलं आणि जीभ जड झाली की शरीराने हात टेकलेले असतात, पुन्हा कापरं भरलं तर ते चांगलं लक्षण. तुम्ही हे कुठे शिकलात ते विचारायचं राहून गेलं. बहुतेक गुरांमागेच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला पाचनईत उतरवलंत, ओढ्याच्या निसरड्या टप्प्यावर एकेकाचा हात धरून. पुढे परतीच्या गाडीत मोबाइलवर बातम्या दिसल्या. त्याच पावसात जुन्नर, आंबेगाव, पारनेरकडे मेंढ्या गारठून मेल्या, कळपच्या कळप. पैलवान ते वाचून कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसला होता. मेंढीच्या अंगावर निदान लोकर असते, त्याच्या अंगावर जीन्स आणि सुती टी-शर्ट होता. त्या धनगरांचं काय झालं असेल, उघड्या माळावर, मुक्कामाच्या वाड्यावर छप्पर नसताना, हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

हिशेबाचं बोलतो. तुम्ही पाच ताटांचे आणि चहाचे पैसे घेतलेत. वरच्या नोटा मावशींच्या हातात दिल्या तर त्यांनी त्या पैलवानाच्या खिशात कोंबल्या, घरी आल्यावर सापडल्या. यावरून आम्ही वाद घालणार नाही. पण झोपडीवरचा प्लॅस्टिकचा कागद एका कोपऱ्यात फाटलाय, हे झोपल्या झोपल्या सगळ्यांनीच पाहिलं. जाड ताडपत्री घेऊन ठेवली आहे, बारा बाय अठरा फुटांची. माप चुकलं असेल तर आत्ताच सांगा, दुकानदार बदलून देतो म्हणालाय.

मावशींना नमस्कार. रात्रभर तुम्ही वर अडकलात आणि त्यांना फोनही लागला नाही. आमच्या पाच घरांतून त्यांची माफी आणि आभार, दोन्ही.

विजार आणि बंडी धुऊन इस्त्री करून ठेवलीय. पैलवान पोस्टाने पाठवायला तयार नाही, स्वतः आणून देतो म्हणतो. संक्रांतीच्या आधीचा रविवार चालेल का, तेवढं भाच्याकरवी कळवा.

तुमचे,
पाच ताटंवाले