"तो आता खंय जातलो?"

संपादक साहेब, नमस्कार.

2024 ची निवडणूक होऊन गेली तरी मालवणच्या बाजारात आमचे कुडाळ-मालवणचे माजी आमदार वैभव नाईकांचा विषय निघाला की लोक एकच विचारतात, "तो आता खंय जातलो?" म्हणजे कुठल्या पक्षात. तुम्ही पेपरवाले पण तेच छापता, राग मानू नका. माणूस दहा वर्षं आमदार होता, त्याचा हिशोब कोण मागणार?

आता आठवून बघा, 2009 ला कुडाळ मतदारसंघ नवीन झाला तेव्हा हा पहिल्याच वेळी थेट नारायण राणेंसमोर उभा राहिला आणि पडला. त्यावेळी राणे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, 1990 पासून निवडून येणारे, मुख्यमंत्री होऊन गेलेले, त्यांच्यासमोर फॉर्म भरायचा म्हणजेच छाती लागायची. आणि 2014 ला त्याच राणेंना यानेच दहा हजारांवर मतांनी पाडलं, तेव्हा चाळिशी पण आली नव्हती. 2019 ला परत निवडून आले. 2022 ला सेना फुटली तेव्हा कोकणातले बहुतेक आमदार शिंदेंबरोबर गेले, ठाकरेंकडे राहिले ते हे, राजन साळवी आणि भास्कर जाधव. मग 2024 ला नीलेश राणेंनी यांना आठेक हजारांनी पाडून वडिलांच्या पराभवाची परतफेड केली. तिकडे राजापुरात साळवी पण पडले आणि 2025 च्या फेब्रुवारीत शिंदेंकडे गेले, म्हणून सगळ्यांना वाटतं पुढचा नंबर यांचाच.

मी काय त्यांचा कार्यकर्ता नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला तेव्हा राग आम्हाला पण आला, पण नाईकांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ऑफिसात केलेली तोडफोड मला पटली नव्हती, काचा पण आपल्याच पैशाच्या ना. आमदाराने फाईल मागायची असते. ओरोसला मेडिकल कॉलेज आलं हे बरं झालं, पण पेशंट सिरीयस झाला की अजून गोव्याचं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटलच, मागे माझ्या मेव्हण्याला रात्री दोनला गाडीत घालून गोव्याला नेला तेव्हा घरचे इकडे देव पाण्यात घालून बसले होते.

आता मुद्दा. माजी आमदाराला महिना पन्नास हजारांच्या वर पेन्शन मिळते, पडला तरी मिळते. पन्नाशीच्या आतला माणूस आहे, कुठल्या खात्यात कुठली फाईल कुणाच्या टेबलावर अडते ते दहा वर्षांत पाठ झालं असणार, मग ते वापरा की! एलईडी लाईट लावून मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे, 2021 ला राज्याने कायदा पण कडक केला, तरी हंगामात रात्री किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघा, दिवाळीच असते. रापणवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, आणि छोटा होडीवाला सकाळी रिकामी जाळी घेऊन येतो. याच्यासाठी आमदारकी लागत नाही, महिन्यातून एक दिवस मत्स्य खात्याच्या ऑफिसात मच्छीमारांना घेऊन बसलं आणि किती बोटी पकडल्या, किती दंड वसूल झाला एवढं लेखी मागितलं तरी पुष्कळ.

तुमचा बातमीदार त्यांना परत भेटेल तेव्हा पक्षाचं शेवटी विचारा, आधी हे विचारा. आणि पत्र कापू नका, मागच्या वेळी निम्मंच छापलं होतंत.

तुमचा एक जुना वाचक,
मालवण